लाल झालेली रेघ

रेघवाले महाराज आले, त्या सकाळी बिडकीनजवळच्या ओढ्याकाठची सगळी मेंढपाळ वस्ती त्यांच्यामागं लोटली. नवरात्र तोंडावर आलं होतं, म्हणून बायकांनी घरं धुऊन मातीच्या भिंतींना नुकताच चुना दिला होता. महाराज डोळे फिरवत दारोदार गेले आणि कोरड्या हळकुंडानं भिंतींच्या पायथ्याशी पिवळ्या रेघा ओढत सुटले. वरुणदेवाशी आपलं रोजचं बोलणं असतं म्हणे. पाऊस कधी उघडेल ते मात्र त्या बोलण्यात निघालं नसावं. "पुराचं पाणी देवी अंगावर घेईल," ते म्हणाले. "रेघ लाल झाली की घर राखलं समजा. मग जागचं हलू नका."

रामप्रसादनंही आईच्या खोलीत रेघ ओढून घेतली. सखूबाईचे गुडघे कधीचेच गेले होते, आणि त्याला घोर होता तो तिचाच.

पुढं पावसानं झड धरली. ओढा फुगला. शाळेच्या सोनिया मॅडम भिजत घरोघर फिरून, शाळेत चला म्हणून हात जोडू लागल्या. रामप्रसाद आईला पाठीवर घेणार, तोच तिनं भिंतीकडं बोट केलं. रेघ लालभडक झाली होती. शेजारच्या घरांतूनही देवीचा जयजयकार ऐकू येत होता.

"आता कशाला हलवतो रं मला?" सखूबाई म्हणाली. "देवी हाय इथं. तू मेंढरं टेकाडावर घाल, मुकी लेकरं हायेत ती."

त्यानं तिला गोधडीवर निजवलं, रेघेला हात जोडले आणि मेंढरं हाकली. त्यातलं एकही दगावलं नाही. तो परतला तेव्हा ओढ्याचं पाणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आलं नव्हतं, पण ती भिंत आईच्या अंगावर पडली होती.

दहावं उरकल्यावर मॅडम भेटायला आल्या. आमचं काय चुकलं म्हणून देवी कोपली, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मॅडमनी उभ्या उरलेल्या, उन्हानं वाळलेल्या भिंतीवर हळकुंड ओढलं. रेघ पिवळी उठली. त्यांनी ओली बोटं फिरवली आणि ती लाल झाली.

"ओल लागली की चुन्यावरची हळद लाल होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी जमिनीतून भिंतीत चढलं होतं."

रामप्रसादनं त्या रेघेला हात लावून पाहिला. "म्हंजी रेघ मला निघ म्हणत व्हती," तो म्हणाला. "आन् मी तिच्या पाया पडलो." मग तो ढसाढसा रडला.

महाराज आज कुठल्या तरी दुसऱ्या ओढ्याकाठी रेघा ओढत असतील. इथं मात्र पाऊस लागून राहिला की रामप्रसाद घरोघर जातो. प्रत्येक दारात तो एकच सांगतो: "रेघ नका बघू, भिंतीला हात लावून बघा. ओल दिसली की आधी म्हातारं माणूस पाठीवर घ्या आन् निघा. मेंढरांना चार पाय हायेत."