टबाखालची मोटर

सकाळी सव्वादहाला गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला : "सर्वेवाली आ गई, भिया. सब अपना-अपना ढँक लो."

काय झाकायचं, ते इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्या गल्लीत कोणी कोणाला विचारलं नाही. नर्मदेचं पाणी यायचं एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेनं. म्हणून घरोघरी नळाच्या पाइपालाच मोटर लावून पाणी ओढून घेत. त्याला बंदी होती. सापडलं तर नळ कापतात, असं जो तो सांगायचा. कापलेला नळ मात्र कोणी पाहिला नव्हता.

नीरजानं दहा महिन्यांच्या संहिताला टबातून उचललं, पाणी मोरीत ओतलं, टब मोटरवर पालथा घातला आणि वर दोन ओली दुपटी पसरली. अर्धवट आंघोळीची संहिता टॉवेलात रडत बसली.

"आई, काय सांगायचं लक्षात आहे ना?"

"मला शिकवतेस?" सासूबाई, शशिकलाबाई, पदर खोचत म्हणाल्या. "पाणी झकास, मोटर नाही. पाणी खराब म्हटलं की लाईन तपासायला येतात, आणि लाईन तपासली की आपलं बिंग फुटलं. मग भर इतक्या लहान पोरीसाठी हापशावर पाणी!"

बेल वाजली. दारात पंचविशीची एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. पाटीवरचं आडनाव वाचून ती चक्क मराठीत बोलली.

"नमस्कार, मी ऋजुता. घरात पाणी, वीज, गॅस किती लागतो त्याचा सर्वे आहे. सगळ्या देशात चाललाय."

मराठी ऐकून नीरजा जास्तच सावध झाली. इंदुरात अनोळखी माणूस दारात मराठी बोलला, तर तो पत्रिका द्यायला आलेला असतो, नाहीतर वर्गणी मागायला. ही दोन्हींतली दिसत नव्हती.

"आमचंच घर कसं काय निघालं?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"यादीत आलं, काकू. ओला-सुका कचरा वेगळा करता?"

"हे काय विचारणं झालं? इंदूर आहे हे!" सासूबाई प्रथमच मोकळ्या हसल्या. खरं बोलायला मिळालेला तेवढा एकच प्रश्न.

नीरजा हसली नाही. तिची नजर ऋजुताच्या ओढणीवर होती. एवढ्या उकाड्यात ती दुहेरी करून छातीशी घट्ट घेतलेली, आणि दर दोन प्रश्नांनी ती मुलगी ती पुढे ओढत होती. आत काहीतरी लपवलेलं होतं, नक्की. तेवढ्यात फोन थरथरला : "ध्यान रखना, कैमरा भी हो सकता है."

"विजेवर काय काय चालतं? फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर..."

"मोटर नाही," सासू-सून एका दमात म्हणाल्या.

ऋजुतानं मान वर केली. "कालपासून या भागात नऊ घरं झाली. एकाकडेही मोटर नाही. आणि पाणी सगळ्यांकडे भरपूर."

"नर्मदामाईची कृपा," शशिकलाबाई म्हणाल्या.

"प्यायला कुठलं?"

"नळाचंच. नुसतं गाळून. अगदी गोड."

"घरात महिन्याभरात कोणाला जुलाब?"

"नाही," नीरजा म्हणाली आणि तिनं संहिताला कडेवर घेतलं. गेल्या आठवड्यात हेच लेकरू दिवसातून आठ-आठ वेळा जात होतं, डोळे खोल गेलेले. तुकोगंजच्या डॉक्टरनं पाणी बदला म्हणून सांगितलं. प्लंबर म्हणाला, पाइपाला कुठं चीर असेल तर मोटर बाहेरची घाणही ओढून घेते, मॅडम. तेव्हापासून विकतच्या पाण्याचा कॅन दाराआड होता. तरी मोटर चालूच होती, नाहीतर आंघोळीला पाणी कुठून आणायचं?

ऋजुतानं सगळं नोंदवलं. मग ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, "थोडं पाणी मिळेल?"

आता आली खरी परीक्षा, नीरजाच्या मनात आलं. गोड म्हणालात ना, पाजा. ओटा बाहेरच्या खोलीतून सरळ दिसत होता. कॅनला हात लावायची सोय नव्हती.

"दे ना गं. नळाचंच दे," सासूबाई डोळे मोठे करून म्हणाल्या.

नीरजानं माठातून पेला भरला. माठात कालचं मोटरनं ओढलेलं पाणी.

ऋजुतानं पेला उचलला, आणि नेमक्या त्याच क्षणी संहितानं भूक लागल्याचा टाहो फोडला.

ऋजुता दचकली. तिनं घाईनं ओढणी पुढे ओढली, पण उशीर झाला होता. दुहेरी कापडावर एक ओला डाग उमटला होता, आणि बघता बघता पसरत होता.

नीरजाला तो डाग कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या कपाटात तसे चार कुर्ते होते.

"किती महिन्यांचं?" तिनं हळूच विचारलं.

"चार." ऋजुता कानापर्यंत लाल झाली. "आईपाशी ठेवून येते. कुठलंही बाळ रडलं की... सॉरी. तहान पण अशी लागते ना..." तिनं पेला ओठांशी नेला.

"थांबा!"

नीरजानं पेला जवळजवळ ओढूनच घेतला. अर्धं पाणी टॅबलेटवर सांडलं.

"अगं, हे काय!" शशिकलाबाई उठल्याच.

"हे नका पिऊ. तुमच्या बाळाला बाधेल." तिनं पाणी मोरीत फेकलं, दाराआडचा कॅन फरफटत पुढे आणला. मग एका हातानं दुपटी काढली आणि टब उचलला. खाली निळी मोटर, पाण्यानं निथळत.



"नीरजा, नळ गेला आपला," सासूबाई म्हणाल्या.

"लिहा," नीरजा म्हणाली. "मोटर आहे. पाणी घाण येतं. हिला आठ दिवस जुलाब झाले. आणि आता खरं सांगा, हे कोणाला दाखवणार?"

"नाव कुठंच जात नाही, ताई. नुसते आकडे जातात." ऋजुता ओढणीनं टॅबलेट पुसत होती. "पण सगळ्यांनीच पाणी गोड सांगितलं, तर गोडच छापून येईल. मग पाइप कोण बदलणार?"

नीरजाला हे पटलं, पूर्ण नाही. तिनं कॅनमधून पेला भरला. ऋजुतानं तो घेतला, नाकाशी नेला आणि थबकली.

"हे कुठलं?"

शशिकलाबाई इतक्या घाबरलेल्या असूनही फिसकन हसल्या. "घ्या! आता ही आपल्यावर संशय घेतेय."

नीरजानं पेला परत घेतला, मान वर करून दोन घोट वरून प्यायली आणि पुन्हा पुढे केला. मग ऋजुता प्यायली. एका दमात, डोळे मिटून.

ती गेल्यावर फोन पुन्हा थरथरला : "क्या पूछा? क्या बोलना है?"

नीरजानं संहिताला छातीशी घेतलं आणि एका अंगठ्यानं लिहिलं, "मैंने तो सच बोल दिया."

शेजारच्या घरी बेल वाजली, आणि भिंतीपलीकडून कोणीतरी टब सरकवल्याचा आवाज आला. झाकायला की काढायला, ते काही कळलं नाही.