नातेवाइकांची खोली

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांतही तेच नाव चिकटलं. हात असा हलका की थेंब घातलेले पेशंटला कळायचेसुद्धा नाहीत. तोच हात एका सकाळी ऑपरेशन थिएटरात थरथरला आणि उकळून ठेवलेल्या हत्यारांचा अख्खा ट्रे फरशीवर गेला. मोठ्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही. बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, वास आजचाच नाही. बरेच दिवस कानाडोळा केला मी. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायला लागा. तोवर थिएटरात पाऊल टाकायचं नाही."

एक बैठक दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत भरायची. पण तिथे बसणारे अर्धे तिच्या ओळखीचे. कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यावर तिनंच पट्टी बांधलेली. म्हणून तिनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाची जागा शोधली. दोन बस बदलल्या. बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला, अजून शाईचा वास येणारा. दारातून पाहिलं तर आत सगळे पुरुष. खुर्च्या मांडणारा एक टक्कलवाला गृहस्थ तिचे इस्त्रीचे कपडे बघून अदबीनं म्हणाला, "ताई, नातेवाइकांची बैठक पलीकडच्या खोलीत."

मी स्वतःच पिते, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी "हो का," म्हणून ती पलीकडे गेली.

तिथे सहा-सात बायका होत्या आणि मुलापायी खचलेला एक म्हातारा. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंना सगळे काकू म्हणत. दारूनं नवरा गेला तरी त्या यायच्या थांबल्या नव्हत्या. त्यांनी मायेनं विचारलं, "मिस्टर पितात?"

"हो."

एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपसूक येत गेलं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, फक्त माणूस बदललेला. बाटली गरम पाण्याच्या पिशवीत लपवतो. पोरीला शाळेतून आणायचं विसरून झोपून राहतो. पोर आधी तोंडाचा वास घेते, मगच जवळ जाते. सांगता सांगता तिला हुंदका फुटला, तो मात्र कुणाकडून उसना घ्यावा लागला नाही. काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि आपली कर्मकहाणी सांगितली, नवऱ्यानं पोटुशी असताना जिन्यावरून ढकललं तिथपासून.

घरी जाताना वाटेत ती प्यायलीच.

तरी ती जात राहिली. बैठकीला जाते, असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येत होतं. शिवाय त्या खोलीत तिची कणव करणारी माणसं होती, आणि कणवेचीही चटक लागते. मग एकदा जास्त झाली आणि दोन बैठका बुडाल्या. काकूंना राहवेना. बोलण्या-बोलण्यात कळलेल्या पत्त्यावर रविवारी दुपारी त्या थेट दारात उभ्या राहिल्या.

सिस्टर आतल्या खोलीत पडून होती, डोकं ठणकत होतं. दार नवऱ्यानं उघडलं. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, मितभाषी माणूस. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन मग पिणारा.

"तुम्हीच ना ते?" काकूंचा आवाज चढला. "सोन्यासारखी बायको झिजतेय तुमच्यापायी. तुमची पोर तोंडाचा वास घेऊन मग जवळ येते, कळतं तरी का तुम्हाला?"

आत सिस्टरला शब्द न् शब्द ऐकू येत होता. उठावं, बाहेर जावं, सांगून टाकावं. ती उठली नाही.

"अहो आजी, बाबा नाही..." लेकीचा आवाज आला.

"तू गॅलरीत जा बघू," तो म्हणाला. मग काकूंकडे वळून, "कळतं हो. चुकलंच. बघतो मी."

काकू गेल्या. तो आत येऊन पलंगाच्या कडेला टेकला.

"दवाखान्यात फोन करून तुला ताप आहे म्हणून मी सांगायचं. आईला मी सांगायचं, पोरीलाही मीच. आज तुझं पिणंसुद्धा अंगावर घेतलं. आता आणखी घ्यायला जागा नाही गं माझ्याकडे."

भांडण झालं नाही. संध्याकाळी तो लेकीला घेऊन बहिणीकडे गेला. दप्तर नेलं, दोघांचे कपडे नेले, पोरीची उशी नेली.

पुढच्या बैठकीला सिस्टर छापखान्याच्या जिन्यावर काकूंची वाट बघत उभी राहिली. त्या दिसताच तिनं धाप लागल्यासारखं सगळं सांगून टाकलं. काकूंनी हात उगारला, आणि तो हळूहळू खाली आला.

"पोटच्या पोरांना सांगितलं नाही ते तुझ्यापुढे बोलले मी."

"हो, काकू."

"आणि त्या बापड्याला काय काय बोलले. त्यानं ऐकून कसं घेतलं गं?" त्या पायरीवरच बसल्या. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "फक्त बायकांची एक बैठक असते. पोहण्याच्या तलावामागे, कपडे बदलायच्या खोलीत, बुधवारी सकाळची. माझी बहीण जायची."

"आता नाही जात?"

"नाही राहिली ती. फार उशिरा जायला लागली." आणि कठड्याला धरून उठत त्या वर निघून गेल्या.

तलावामागच्या खोलीत क्लोरिनचा वास होता, बाकं ओली होती. शाळेची एक मुख्याध्यापिका, ट्रक चालवणारी एक धिप्पाड बाई, कडेवर तान्हं मूल घेतलेली एक कोवळी पोर. नवरा काय करतो, असं कुणी विचारलं नाही. सिस्टरची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी पिते. काल पण प्यायले."

कुणी दचकलं नाही. ट्रकवाली सरकली आणि तिनं बाकावर कोरडी जागा करून दिली.

दारू लगेच सुटली असं नाही. त्यानंतरही ती घसरली, एकदा तर फार वाईट. थिएटर गेलं ते गेलंच. आता ती बाहेरच्या खोलीत पेशंटना चष्म्याच्या नंबरासाठी अक्षरं वाचायला लावते. नवरा रविवारी लेकीला बागेत घेऊन येतो आणि स्वतः फाटकापाशी थांबतो. परत येईन असं तो म्हणत नाही; तीही विचारत नाही. बुधवारी सकाळी मात्र ती सगळ्यांच्या आधी तलावामागे पोचते आणि बाकं पुसायला घेते.