दोन गाण्यांमधली जागा

मी एक रेकॉर्ड बोलतेय. काळी, गोल, आता दुभंगलेली.

माझ्यावर चौघांचे आवाज आहेत. चौघेही आपापल्या बँडचे म्होरके. नमतं घ्यायची कुणालाच सवय नाही. पण येशूची गाणी मिळून गायची म्हणून एका खोलीत जमले. गिटारी विजेच्या, तरी बाज गावाकडचा: बँजो, माउथऑर्गन, ढोल, पायाचा ठेका. एका गाण्यात बँजोवाल्याला हुंदका आवरला नाही. तोही माझ्यात आहे.

मला एका गॅरेजवाल्यानं घेतलं. घरी तो, बायको आणि आई.

कामावरून आला की तो दाराची कडी लावायचा, मला प्लेअरवर चढवायचा. "आई, आवाज वाढव." आई बटण फिरवून भिंतीकडे तोंड करायची. मग तो बायकोला मारायचा. पट्ट्यानं, पान्यानं, हाती लागेल त्यानं.

दोन गाण्यांमध्ये माझ्यावर बारीकशी मोकळी जागा आहे. तेवढ्यात त्याचा हात थांबायचा. पुढच्या गाण्याचा ढोल वाजला की पुन्हा सुरू. तिला माझं प्रत्येक गाणं पाठ झालं, पण ती कधी गुणगुणली नाही.

खालच्या मजल्यावरचा टेलर जिन्यात भेटला की म्हणे, "वहिनी, तुमच्याकडे रोज देवाचं नाव! आमच्याकडे नुसती मशिनची खडखड."

"ह्यांना आवड आहे," पदरानं मनगट झाकत ती म्हणे.

त्या संध्याकाळी त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त माझ्या कव्हरवर उडालं.

"आई, आवाज!"

आई उठली. तिनं बटणाला हात लावला नाही. भर गाण्यात सुई उचलली.

ढोल थांबला, त्याचा हात थांबला नाही. तो धपका आणि तिची किंकाळी उघडीनागडी खाली गेली.

"लाव म्हणतो ना!"

"नाही लावणार. ऐकू दे लोकांना, कसला मुलगा पोसला मी."

त्यानं आईला ढकललं, मला गुडघ्यावर घेऊन मोडलं. एक तुकडा उचलून तो पुन्हा बायकोकडे वळला, तोच टेलरच्या खांद्यानं कडी उखडली.

ती वाचली. एका कानानं मात्र ऐकू येत नाही.

माझे तुकडे जिन्याखाली कचऱ्याच्या गाडीची वाट बघताहेत. जाण्याआधी एवढंच सांगते: शेजारून गाणं फार मोठ्यानं येत असेल, तर कौतुक मागाहून करा. आधी दार वाजवा.