अक्कलदाढ

सगळा ऑर्केस्ट्रा थांबला, पण डॉक्टर थांबले नाहीत.

कंडक्टरांचा हात वर गेला, सगळ्यांचे गज तारांवरून उचलले गेले, आणि त्या शांततेत एकट्या डॉक्टरांच्या व्हायोलिनचा सूर चांगला भरदारपणे सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. सूर चुकीचा नव्हता. अगदी बरोबर होता. फक्त त्याची वेळ अजून झालेली नव्हती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कंडक्टर नुसतेच म्हणाले, "पुन्हा. विरामाच्या आधीपासून."

मागच्या ओळीत ट्रम्पेटवाला बसायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याने शेजाऱ्याला हळू आवाजात विचारलं, पण भोंग्याचा हळू आवाज म्हणजे इतरांचा बोलायचा आवाज.

"कोण रे हा?"

"दातांचे डॉक्टर आहेत. बदली आलेत."

"दातांचे? मग अक्कलदाढच म्हणायची. उशिरा येते, जागा नसताना येते, आणि आल्या आल्या सगळ्यांना कळा."

आता मात्र हसले. डॉक्टरही हसले, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

डॉक्टर ऑर्केस्ट्रात आले ते एका दाढेमुळेच. ऑर्केस्ट्राचे व्यवस्थापक त्यांचे पेशंट. एका व्हायोलिनवादकाचं मनगट मोडलंय, कार्यक्रम तोंडावर आलाय, एवढं त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे भरले आणि म्हणाले, "मी वाजवतो की! येऊ का?" कापसाआडून जो आवाज आला, तो हो होता की नाही, हे आजतागायत कळलेलं नाही. डॉक्टरांनी तो हो धरला.

वाजवायचे ते खरंच. लहानपणापासून. दवाखान्यात भूल चढेपर्यंत पेशंटला एखादी चीज ऐकवायची, इमारतीत कुणाचा वाढदिवस असला की शेवटी डॉक्टरांचं वादन ठरलेलं. सगळे वाहवा करत. तोंड बधिर झालेला माणूस आणि केकची वाट पाहणारा माणूस, दोघेही वाहवाच करतात, हे डॉक्टरांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांना मनापासून वाटायचं की दातांनी आपल्याला ओढून नेलं नसतं, तर आज आपण कुठल्या कुठे असतो.

ऑर्केस्ट्राच्या पहिल्या खुर्चीवरच्या वादकाने, ज्याला सगळे दादा म्हणत, डॉक्टरांचं वाजवणं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, "शेवटच्या खुर्चीवर चालेल." डॉक्टरांनी घरी सांगताना त्यातलं "चालेल" तेवढं सांगितलं.

शेवटच्या खुर्चीशेजारी बाई बसत. त्यांचं सगळं आयुष्य या ऑर्केस्ट्रात गेलं होतं. चष्मा नाकाच्या टोकावर, हनुवटीखाली व्हायोलिनचा काळपट वळ, बोलणं मोजकं. स्वरलिपीचा स्टँड दोघांत एकच.

चहाच्या सुट्टीत डॉक्टर त्यांना म्हणाले, "माझ्या कागदावर तो विराम जरा लहान दिसत होता."

"कागद एकच आहे डॉक्टर, आपल्या दोघांत," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला.

"तुम्ही छान वाजवता," बाई म्हणाल्या. "तीच अडचण आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही एकटे छान वाजवता. इथे सगळेच एकटे छान वाजवतात. लोक तिकीट काढून येतात ते त्यासाठी नाही. वाजवताना तुमचा आवाज तुम्हाला वेगळा ऐकू आला ना, तर समजायचं, जास्त होतोय. माझ्या आवाजात शिरा. मी पुढच्याच्या आवाजात शिरते. आणि पानं तुम्ही उलटायची. आतल्या बाजूला बसणाऱ्याचं काम असतं ते."

"मी उलटायची? म्हणजे तेवढा वेळ मी वाजवायचं नाही?"

"दोघांनी थांबून कसं चालेल?"

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी घरात पाऊल टाकलं ते धुसफुसतच. "पानं उलटायला बोलावलंय मला! इतक्या वर्षांचा रियाज, आणि मी पानं उलटू?"

बायको भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "तुमच्या दवाखान्यातली ती मुलगी थुंकी ओढायची नळी धरून उभी असते ना? तिने उद्या म्हटलं, मी नळी का धरू, मला पण दात काढता येतात, तर?"

"ते वेगळं आहे."

"असेल," ती म्हणाली आणि भाजी कढईत टाकली.

डॉक्टरांची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. तिची शंका वेगळीच होती. "मला एक कळत नाही. तो तुमचा कंडक्टर तिकिटं देत नाही, शिट्टी वाजवत नाही, मग हात कशाला हलवतो?"

"आई, तो सगळ्यांना सांभाळतो."

"मग त्याचं ऐकावं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टर तालमीला गेले आणि पानं उलटली. पहिल्यांदा दोन पानं एकदम उलटली गेली आणि बाईंनी वाजवता वाजवताच गजाच्या टोकाने एक मागे सारलं. दुसऱ्यांदा उशीर झाला. मग त्यांना हळूहळू कळत गेलं की पान उलटायची वेळ कागदावर नसते, शेजारच्याच्या नजरेत असते. बाईंची नजर शेवटच्या ओळीवर आली की हात उचलायचा. त्यासाठी बाईंकडे लक्ष ठेवावं लागे, आणि लक्ष ठेवलं की बाईंचा गज दिसे. किती थोडा गज वापरत होत्या त्या! डॉक्टर टोकापासून टोकापर्यंत ओढत तिथे बाई वीतभरात काम भागवत. डॉक्टरांनीही गज आखडता घेतला. हात दुखला, आपण काहीच वाजवत नाही असं वाटलं. बाई काही बोलल्या नाहीत. इथे काही बोललं नाही म्हणजे ठीक चाललंय, हेही त्यांना उमगलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आई आणि बायको बसल्या होत्या. आईने डॉक्टर दिसावेत म्हणून पुढच्या माणसाला डोकं जरा बाजूला घ्यायला सांगितलं होतं. मुख्य वादक बाहेरून आलेली पाहुणी होती, नावाजलेली, आणि तिचं व्हायोलिन तिच्याहूनही नावाजलेलं. तीन भागांची रचना होती. तिसरा भाग वेगाचा, दमछाक करणारा. डॉक्टरांनी तो दवाखान्यात, घरात, एकदा गाडी लावून गाडीतसुद्धा नुसत्या बोटांनी घोटला होता. आईला तोच दाखवायचा होता त्यांना.

पहिला भाग संपत आला होता, तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला.

पाहुणीच्या व्हायोलिनची सर्वांत वरची, बारीक तार तुटून हवेत वळवळत होती. ती पुरती वळायच्या आतच दादाने स्वतःचं व्हायोलिन तिच्यापुढे धरलं होतं. तिने ते घेतलं, आपलं त्याच्या हातात दिलं, आणि पुढचा सूर त्या परक्या व्हायोलिनवर उचलला. संगीत थांबलं नाही. दादाकडचं तुटक्या तारेचं व्हायोलिन हातोहात मागे निघालं. प्रत्येकजण क्षणभर गज थांबवी, ते मागे सरकवी आणि पुन्हा वाजवू लागे.

बाईंनी ते घेतलं आणि डॉक्टरांकडे दुसरा हात केला. "द्या."

"काय?"

"तुमचं. दादा रिकामा बसलाय."

डॉक्टरांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई मान उंच करून बघत होती. आपलं व्हायोलिन त्यांनी छातीशी धरलं होतं, ते त्यांना तेव्हाच जाणवलं. मग पाहुणीचं मांडीवर घेऊन त्यांनी आपलं बाईंच्या हातात दिलं. ते हातोहात पुढे गेलं आणि दादाच्या खांद्यावर चढलं.

"आतल्या खोलीत तिच्या पेटीत तारा असतील," बाई वाजवता वाजवता पुटपुटल्या. "वाकून जा. दुसरा भाग सावकाश आहे, वेळ मिळेल."

डॉक्टर ते नावाजलेलं व्हायोलिन पोटाशी धरून, वाकून, पडद्याआड गेले.

खोलीत दिवा एकच होता. पेटीच्या कप्प्यात तारांची पाकिटं सापडली. डॉक्टरांनी स्वतःला तेच सांगितलं जे ते घाबरलेल्या पेशंटला सांगत: दीर्घ श्वास घ्या, काही होत नाही. मग तुटलेली तार काढली. तारांखालची घोडी सरकू नये म्हणून ती एका बोटाने धरून ठेवली. नवी तार खाली अडकवली, घोडीवरून वर नेली, खुंटीत ओवली, फिरवली. पहिल्या झटक्यात ती निसटली आणि बोटाच्या पेरावर एक लाल रेघ ओढून गेली. पुन्हा ओवली. दाराला कान लावून, अंगठ्याने हलकेच छेडत, बाहेरच्या सुराशी ती जुळवू लागले. नवी तार म्हणजे नवी सूनच, ताण पडला की उतरायची. चढवावी, थोडं थांबावं, पुन्हा चढवावी.

अखेर ती बसली. डॉक्टरांच्या हातात ते व्हायोलिन पूर्ण होतं. किती हनुवट्या टेकून टेकून त्याचा रंग एका जागी उडाला होता. पेटीत जादा गज होता. दार बंद होतं. एक सूर ओढला असता, अगदी हळू, तर बाहेर कुणालाही कळलं नसतं. आयुष्यात पुन्हा असं वाद्य हाती लागणार नव्हतं.

डॉक्टरांनी गजाला हात लावला नाही. तार उतरली नाही ना, एवढंच अंगठ्याने पुन्हा पाहिलं.

तेव्हाच बाहेरून तो आवाज आला. दुसऱ्या भागात एका जागी सगळे थांबतात आणि पाहुणीच्या व्हायोलिनला एकटा दादा उत्तर देतो. ते उत्तर आता ऐकू येत होतं. खालून सावकाश उठलेलं, वर जाताना कुठेही न चिरकणारं, जुन्या माणसाने समजूत काढावी तसं. डॉक्टरांनी तो आवाज ओळखला. ते त्यांचंच व्हायोलिन होतं. वरचे सूर कर्कश लागतात म्हणून ते विकून नवं घ्यायचं त्यांनी नक्की केलं होतं. दवाखान्यात चार लोकांना तसं सांगूनही झालं होतं.

दोष कुणाचा होता, ते त्या दाराआड उभं राहून त्यांना स्वच्छ कळलं. वाईट वाटायला हवं होतं. पण ते इतकं सुंदर चाललं होतं की वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. हे माझ्या घरात होतं, ते मनात म्हणाले, आणि हसू त्यांच्या तोंडभर पसरलं.

दुसरा भाग संपला. कंडक्टरांनी हात खाली घेतला, रुमालाने कपाळ पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. डॉक्टर वाकून मंचावर परतले. पाहुणीचं व्हायोलिन हातोहात पुढे गेलं, दादाचं दादाकडे आलं, डॉक्टरांचं मागे आलं. पाहुणीने नव्या तारेवर बोट टेकवलं, कान लावला आणि मान हलवली. खुंटीला तिने हात लावला नाही.

मग तिसरा भाग सुरू झाला. डॉक्टर वाजवत होते. बाईंच्या गजाबरोबर त्यांचा गज जात होता, बाईंची नजर शेवटच्या ओळीवर येताच त्यांचा हात पानाकडे जात होता. मध्येच त्यांनी स्वतःचा आवाज शोधून पाहिला. तो सापडला नाही. सापडला तो एकच प्रचंड आवाज, पुढून मागून बाजूंनी उसळणारा, आणि त्याच्या ऐन मधोमध ते बसले होते. इतकं मोठं त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. लोक उभे राहिले. पाहुणीने वाकून नमस्कार केला, कंडक्टरांशी आणि दादाशी हात मिळवला, आणि मग मागे वळून शेवटच्या खुर्चीकडे पाहत आपलं व्हायोलिन हलकेच वर उचललं. प्रेक्षकांना त्यातलं काही कळलं नाही. पण सगळा ऑर्केस्ट्रा शाबासकी म्हणून जमिनीवर पाय आपटू लागला. सगळ्यांत जोरात आपटत होता भोंगा. डॉक्टरांनी आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आहे का ते.

आत गेल्यावर दादा म्हणाला, "वाद्य फार छान आहे तुमचं."

"मला आजच कळलं," डॉक्टर म्हणाले.

पेटीत व्हायोलिन ठेवता ठेवता बाई डॉक्टरांकडे वळल्या. "अरे, उभा काय राहिलास? चहा घे तो, गार होतोय. आणि काय रे, दुसरा भाग किती ओढला कंडक्टरने! झोप लागली होती का त्याला?"

"मला तर बरंच झालं, बाई. तेवढ्यात तार बसली."

भोंगा गडगडाट करून हसला आणि बाकावर सरकून त्याने जागा केली. बाकावर बसता बसता डॉक्टरांना कळलं की कंडक्टरला नावं ठेवणं इथे परक्यासमोर होत नाही.

दारात आई येऊन उभी राहिली होती, बायकोचा हात धरून. तिचा चेहरा उतरला होता.

"काय चुकलं रे?" तिने हळूच विचारलं. "मधेच का घालवून दिलं तुला?"

"घालवलं नाही गं. काम होतं आत."

"मग परत घेतलं ना?"

"घेतलं."

"बरं झालं," आई म्हणाली. तिला खरं वाटलं नव्हतं, पण तिने त्यांचा हात दाबला. बायको मात्र त्यांच्या बोटावरची लाल रेघ बघत होती.

सभागृह संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी दिलेलं होतं, त्यामुळे सामान लगेच हलवायचं होतं. बाहेर टेम्पो येऊन उभा होता. स्टँड गेले, खुर्च्या गेल्या. मग भोंग्याने मोठ्या नगाऱ्याचं एक टोक धरलं आणि हाक मारली, "डॉक्टर, तिकडून धर."

"तुम्ही गाडीत बसा," डॉक्टर बायकोला म्हणाले. "एवढं ठेवून आलोच."

काळा कोट काढून त्यांनी आईच्या हातात दिला आणि नगाऱ्याचं दुसरं टोक उचललं. त्यांची पाठ जिन्याकडे होती. पुढे नगारा, त्यामागे भोंग्याचं नुसतं कपाळ. पाय कुठे पडतोय ते काही दिसत नव्हतं.

"पायरी आहे," भोंगा सांगत होता. "हं, टाक. आणखी एक. सावकाश. आणखी एक."

तो सांगेल तिथे पाय टाकत डॉक्टर मागे मागे उतरत राहिले.