नवरा-नवरीची नावं

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुणालाही काहीही पटवून देऊ शकते, असं माझं ठाम मत झालं होतं. आधी वर्गात 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आता लातूरच्या मंगल कार्यालयांत बिनधास्त घुसून मी आचाऱ्यालाच विचारायचे, "काका, किती उरलं?"

देविदासमामा लग्नांना भांडी भाड्यानं देतो. रिकामी पातेली आणायला त्याचा ऑटो जातोच, मग भरलेली का नाही आणायची? आयडिया माझी!

उरलेलं जेवण आम्ही रेल्वे रुळांपलीकडच्या पालांवर न्यायचो. मुखेडकडून बांधकामाच्या मजुरीला आलेली माणसं. तिथल्या मनकर्णाआज्जींचा एक नेम होता. वाढायच्या आधी त्या विचारायच्या, "नवरा-नवरीची नावं सांग, पोरी." मी सांगायचे. मग सगळे हात जोडायचे, "सुखी ऱ्हावा, बाबांनो," आणि मगच पहिला घास.

"फुकटचं न्हाई खात आम्ही," आज्जी म्हणायच्या. "आशीर्वाद देऊन खातो."

मग लग्नतिथी संपल्या आणि नेमकं बांधकामही बंद पडलं. पालांवर चुली थंड. आज्जींची नात गीतांजली चिंचेचा पाला चावत बसलेली दिसली, तेव्हा मला राहवलं नाही. मी हॉलन्‌हॉल पालथा घातला. शेवटी एका ठिकाणी दोन पातेली मिळाली. भात, पुऱ्या, बुंदी. फक्त, ती तेरवी होती.

मामा म्हणाला, "ऋतू, हे नको. नावं विचारली की काय सांगशील?"

"खरं सांगेन. अन्न ते अन्न! पटवून देते की."

"हाव, कप घेऊनच चल मग. दाखव त्यान्ला."

लेकरं ताटल्या घेऊन पळत आली. आज्जींनी विचारलं. मी स्टेजवर उभी राहते तशी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "आज लग्न नाही आज्जी, तेरवी आहे. पण..."

माझ्या 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही.

आज्जींनी गीतांजलीची ताटली ओढून घेतली. "माझा लेक भारत तिकडं नांदेडच्या दवाखान्यात पडलाय, अन् मी मेल्याच्या नावाचं खाऊ? कुणाला आशीर्वाद देऊ गं? सांग की!"

मी बोलत सुटले. भूक, नासाडी, अंधश्रद्धा, स्पर्धेतलं सगळं. बाजूला उभे असलेले पालावरचे हनुमंतकाका थंडपणे म्हणाले, "लई गोड बोलून राहिली पोरगी. पर भाषणावर जीव टांगायचा का आम्ही?"

गीतांजलीनं गडबडीत बुंदीची मूठ भरून घेतली होती. आज्जींनी तिची बोटं एकेक करून उघडली. ती रडली नाही. हाताला लागलेला पाक तेवढा चाटायला गेली, तर आज्जींनी तोही पदरानं पुसला.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आजवरचं तरी लग्नाचंच व्हतं का?"

"शप्पथ, आज्जी!"

"हां."

त्या 'हां'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, पुढचं लग्न आलं की सगळं ठीक होईल.

लग्न आलं. मी आचाऱ्याकडून पत्रिकाच मागून घेतली. गणपती छापलेली, कोपऱ्याला हळद लागलेली. पुरावा! पालांसमोर ऑटो थांबला, पण एकही ताटली वाजली नाही.

आज्जींनी पत्रिका हातात घेतली, उलटी धरली, परत दिली. "आम्हाला वाचता येत न्हाई, बाई. कागदावर कायबी छापतेत. ज्याचा माणूस दवाखान्यात हाय, त्यानं कशावर इसवास ठेवायचा?"

पहिल्यांदाच त्या मला 'पोरी' नाही म्हणाल्या.

"आज्जी, लेकरांना तरी..."

"गीते, आत हो."

गीतांजली आत गेली. पालाच्या फटीतून तिचा एक डोळा तेवढा दिसत होता, पातेल्यावर खिळलेला.

"चल," मामा हळूच म्हणाला. "गोठ्यावर देऊन टाकू."

मी झाकण काढलं. भाताची वाफ वर आली. मग पत्रिका धरून, अख्ख्या पालांना ऐकू जाईल अशा आवाजात मी वाचलं, "चिरंजीव बजरंग आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी प्रियदर्शनी!"

हात कुणीच जोडले नाहीत.