एकाच गाडीची जागा

मुलुंडची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या इमारतीत प्रत्येकाला एकच पार्किंग मिळणार हे कळल्यापासून लिओनार्डला चैन नव्हतं. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या. एक वडिलांची, छप्पन्न सालची फियाट, गोलमटोल आकारामुळे जिला 'डुक्कर' म्हणत. दुसरी शहाऐंशीची मारुती, जिच्यावर त्याची बायको रोझमेरी गाडी शिकली होती. जेवता जेवता उठून तो खाली जायचा, कधी एकीत बसायचा, कधी दुसरीत. फियाट वळवताना खांदे भरून यायचे. मारुती एका हाताने वळायची. तरी त्याचं काही ठरत नव्हतं.

रविवारी चर्चला निघताना त्याने विचारलं, "कुठली काढू?"

"कुठलीही काढ, पण एकदाचं ठरव रे."

त्याने मारुती काढली. रोझमेरीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मारुतीच्या बुटक्या सीटवर तेवढं खाली बसणं तिला जमेना. दोनदा प्रयत्न करून ती दाराला धरून उभी राहिली. लिओनार्डने फियाट आणली. तिच्या उंच, सोफ्यासारख्या सीटवर रोझमेरी सहज बसली.

"हीच ठेव," ती म्हणाली.

"आणि तुझी मारुती?"

"माझीच आहे. पण मला आता तिच्यात बसता येत नाही ना."

महिन्याभराने नाहूरचं एक तरुण जोडपं मारुती घेऊन गेलं. रोझमेरी खिडकीत आली नाही. लिओनार्ड गाडीमागे रस्त्यापर्यंत गेला आणि बराच वेळ फाटकापाशी येरझारा घालत राहिला.