दगा मी दिला नाही

मी एक जुनी मोटार आहे. हैदराबादच्या काचीगुड्यात वकील हणमंतरावांच्या अंगणात उभी असते. मित्रांनो, म्हाताऱ्या मोटारी गोड आठवणींत रमतात, असे तुम्ही ऐकले असेल. मला मात्र अजून राग येतो.

माझा जन्म विलायतेतला. एका जागीरदाराने मला मिरवले आणि मन भरल्यावर हणमंतरावांना विकले. त्यांनी माझे फार कौतुक केले. दर रविवारी बाह्या सावरून ते माझे पत्रे आरशासारखे लख्ख पुसत. पण फक्त बाहेरून! वाकून माझ्या पोटाखाली त्यांनी कधी पाहिले नाही. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते आणि सांध्यातून तेल झिरपू नये म्हणून मध्ये पॅकिंग असते. माझे पॅकिंग कुजले. तेल ठिबकू लागले.

कासिम मिस्त्रींनी बजावले होते, "वकीलसाब, पॅकिंग सड गई. खोलके दुसरी डालो. टालना नक्को."

"हौ हौ, बघू," म्हणत हणमंतरावांनी माझ्याखाली एक परात सरकवली आणि वरून तेल ओतले. पाहुण्यांना सांगत, "आमची म्हातारी गळते हो!" पाहुणे खो खो हसत. माझ्या अंगाची लाही लाही होई.

अठ्ठेचाळीस साल उजाडले. हैदराबाद संस्थानाच्या सीमा बंद झाल्या, बाहेरून तेल येईना. हणमंतरावांच्या पत्नी पद्मावतीबाई पुन्हा पुन्हा म्हणत, "अहो, वरून ओतायला आता तेल उरलं नाही. गळती तरी बुजवा." हणमंतराव वर्तमानपत्रातून डोके वर काढत नसत.

सप्टेंबरात हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. शहर चिडीचूप झाले, रस्त्यावर टांगा दिसेना. अशात अंबरपेठेहून निरोप आला. पद्मावतीबाईंची धाकटी बहीण जयवंता बाळंतपणात अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. आम्ही धावलो. जयवंताला घेऊन इस्पितळाकडे निघालो. अर्ध्या वाटेत तेलाचा काटा खाली आला. माझ्या पोटात कोरडे लोखंड लोखंडावर घासू लागले.

"थांबू नका हो, दाजी!" जयवंता कळवळली.

मला का थांबायचे होते? मी खडखडले, धुमसले आणि एक आचका देऊन बंद पडले.

कुणाची तरी हातगाडी मिळवून त्यांनी तिला पुढे नेले. जयवंता वाचली. तिचे बाळ वाचले नाही.

थोड्याच दिवसांत हैदराबाद हिंदुस्थानात आले. गल्लोगल्ली तिरंगे लागले. मला ढकलत अंगणात आणले होते; हणमंतरावांनी माझ्या नाकावरही एक लावला. पोट तसेच गळके! शेजारचे हिम्मतराव विचारपूस करायला आले, तेव्हा हणमंतराव सुस्कारा टाकून म्हणाले, "काय सांगू? मोटारीनं ऐन वेळी दगा दिला."

"मोटारीनं नाही, तुम्ही दिला." पद्मावतीबाई दारात उभ्या होत्या. "कासिमभाईंनी सांगितलं. मी सांगून थकले. ती बिचारी तेल गाळून रोज सांगत होती. आता तिच्यावर काय ढकलता?"

हिम्मतराव मान खाली घालून निघून गेले. हणमंतरावांनी कोट उतरवला आणि ते माझ्याखाली उताणे झाले. कासिम मिस्त्रींचे दुकान त्या दिवसांत बंदच होते. हणमंतरावांनी बोल्ट सोडवून टाकी उतरवली, कुजके पॅकिंग खरवडले, सगळे राकेलने धुतले. पद्मावतीबाईंनी टाकीची कडा जाड पुठ्ठ्यावर ठेवून तसाच आकार कापला. त्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फासली. मग हणमंतरावांनी एक बोल्ट इकडचा, एक समोरचा, असे थोडे थोडे आवळत नेले. त्यांच्या डोळ्यांत काळे तेल गेले. मला दया आली नाही. एका दुपारचे काम! एवढ्याशासाठी वर्ष घालवले!

सीमा उघडल्याने मिळालेले नवे तेल ओतले आणि निवलेले इंजिन फिरले. जयवंताला घरी आणायला मीच गेले. ती मागे बसली, मांडीवर रिकामे हात ठेवून. मी नीट चालले, एक थेंबही गळला नाही. पण आता त्याचा काय उपयोग?

मित्रांनो, वस्तू मुक्या असतात असे म्हणू नका. आम्ही ठिबकतो, करकरतो, तापतो. ते आमचे बोलणेच असते. ते वेळेवर ऐका. आणि ऐकायचेच नसेल, तर निदान तुमचे पाप आमच्या माथी मारू नका.